गच्चीवरची बाग आणि टाकीतले बाप्पा

आमच्या गावाकडे, जालन्याच्या पुढे, पाऊस आला की माणसं हातातलं काम टाकून ओट्यावर येतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. नवी मुंबईत पाऊस आला की माणसं खिडक्या लावून घेतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात, "पार्किंगमध्ये पाणी भरतंय, कुणी बघतंय का?" बघायला मला बोलावतात. या दोन पावसांच्या मधे कुठेतरी माझं पोट चालतं.

शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, आणि कारण विचाराल तर भूमिती. नंतर मोसंबीच्या बागांमध्ये ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, त्यांची बुजलेली भोकं मोकळी करायची, असली कामं केली. मग लांबच्या एका मामाने कोपरखैरण्यात आणलं आणि गच्चीवर बागा करून देणाऱ्या एका ठेकेदाराकडे चिकटवलं. तिथे माझं काम म्हणजे मातीची पोती जिन्याने वर नेणं. लिफ्टमध्ये माती चालत नाही. माणूस चालतो, पण हातात माती असेल तर तोही चालत नाही.

अशाच एका सोसायटीच्या गच्चीवर आम्ही बाग केली. कुंड्यांची नव्हे. गच्चीवरच खाली पाणी न झिरपणारा थर, त्यावर मुळं अडवणारा कागद, त्यावर पाणी वाहून नेणारी खडबडीत शीट, कापड, आणि वर नारळाच्या भुशाची हलकी माती. सोसायटीच्या सेक्रेटरी कॉलेजात विज्ञान शिकवायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. बागेची कल्पना त्यांची. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर भट्टी होते, ती बागेमुळे कमी होईल म्हणून.

बाग पावसाळ्यात अशी फोफावली की बघत राहावं. दिवाळीनंतर तिचं वाळलेलं गवत झालं. गच्चीवरची माती वीतभर. तिला पाणी धरून ठेवायला जागाच नसते. मग पालिकेचं पाणी बागेला द्यायचं की नाही यावरून भांडणं लागली आणि कमिटीने ठराव केला की पिण्याचं पाणी बागेला एक थेंब द्यायचं नाही. तेव्हा मॅडम म्हणाल्या, पावसाचंच पाणी साठवू आणि तेच बागेला देऊ.

एका कंपनीने त्यासाठी नकाशा करून दिला होता. त्यात इतके पंप, सेन्सर आणि स्क्रीन होते की टाकी बांधायचीय की विमानतळ, ते कळेना. मॅडमनी तो मिटून ठेवला आणि मी पोतं उतरवत होतो तिथे येऊन म्हणाल्या, "तुम्ही ठिबकचं काम केलंय ना? मग तुम्हीच काहीतरी साधं सुचवा."

त्या बिल्डिंगमध्ये मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं, कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. मग मी हो म्हणालो. काय सुचवायचं ते अजून सुचलं नव्हतं, पण हो म्हणून टाकलं.

या सगळ्याला विरोध एकाच माणसाचा, पण तो माणूस वरच्या मजल्यावर राहत होता. काका साताऱ्याकडचे. त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात ओल होती आणि त्यांचं म्हणणं, गच्चीवर पत्र्याची शेड टाका, विषय संपला. तेही चूक म्हणता येत नव्हतं. नवी मुंबईत गच्चीवर पत्रा नसलेली इमारत लग्नाला उघड्या डोक्याने आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते. शेवटी असं ठरलं की हा एक पावसाळा बागेला द्यायचा. पालिकेचं पाणी न घेता बाग तरली तर तरली. नाहीतर वार्षिक सभेत बाग काढून पत्रा टाकायचा.

मॅडम त्या मीटिंगमध्ये उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "याची जबाबदारी मी घेते." मी दारात होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, पण ती जबाबदारी कशावर उभी होती ते मला माहीत होतं. ती माझ्यावर उभी होती. बाग गेली तर माझं काम जाईल, ते एक झालं. पण मॅडमना लोक म्हणतील, काय हो, नववी नापासाच्या भरवशावर शब्द दिलात? मी नापास नव्हतो, सोडली होती, पण सभेत एवढा फरक कोण करतं.

मग मी भूमितीला लागलो. पाऊस पडायला लागला की छत्री घेऊन गच्चीवर जायचं, पाणी कुठून कुठे पळतंय ते बघायचं आणि कोरड्या दिवशी ते खडूने काढायचं. पाऊस आला की खडू जायचा. पुन्हा काढायचं. काका जिन्याच्या दारातून बघायचे.

"काय रं पावण्या, रांगोळी घालतुयास व्हय?"

"पाण्याचा उतार बघतोय काका."

"उतार माझ्या हॉलमदी हाय. खाली ये, दावतो."

हळूहळू जमलं. आधी बागेने पोटभर प्यायचं. तिच्यातून उरलेलं, गाळलं गेलेलं पाणी पाइपने खाली. खाली पार्किंगच्या कडेला दोन टाक्या. पहिली उघडी, पसरट, तिच्यात गाळ तळाला बसायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या, झाकणाच्या टाकीत. तिथून पंपाने लिफ्टच्या खोलीवरच्या पिंपात, आणि पिंपातून आपसूक उताराने ठिबकच्या नळ्यांत. पंप ऑटोमॅटिक. पिंप रिकामं झालं की आपला आपण चालू होणारा. याचा मला फार अभिमान होता. मी झोपलो असलो तरी माझं काम चालू आहे, असं आमच्या घराण्यात आधी कुणाचं झालं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता तू काय करायलायस?"

"काही नाही. ते आपोआप होतं."

"मंग पगार कशाचा देतेत?"

या प्रश्नाने मी आठवडाभर घाबरलेला होतो.

पहिली टाकी बांधताना मी डोकं लावलं. गाळ काढायला आत उतरावं लागणार, म्हणून कडेला तीन पायऱ्या केल्या. मुलं पडू नयेत म्हणून कठडा केला. तळ घासायला सोपा जावा म्हणून आतून टाइल्स लावायच्या होत्या. चौथ्या मजल्यावर कुणाच्या बाथरूममधून उरलेल्या निळ्या टाइल्स होत्या, त्या लावल्या. पाणी भरल्यावर ती टाकी अशी काही दिसायला लागली की लोक येताजाता थांबून फोटो काढायचे. मला वाटायचं, माझ्या डिझाइनचं कौतुक चाललंय. काका कठड्यावरून वाकून म्हणाले, "पवायला बांधलंयस का?" तेव्हाही मी हसलो. पायऱ्या, कठडा, निळं पाणी. पालिका गणपती विसर्जनासाठी चौकाचौकात जे कृत्रिम तलाव करते त्यांच्यासारखंच हुबेहूब दिसतंय, हे एकट्या माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाकी सगळ्या सोसायटीच्या आलं होतं.

गणपती आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रत्नागिरीकडच्या, त्यांच्याकडे दीड दिवसाचा. मला गावाला जायला जमलं नव्हतं, हे त्यांना कळलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. पाटावर बसवलं. उकडीचे मोदक वाढले, वर तूप ओतलं, आणि मी नको म्हटलं की आणखी ओतलं. "घरापासून लांब आहेस ना, मग नको काय म्हणतोस." मला भरून आलं. अशा वेळी माझ्याकडून फार खाल्लं जातं.

संध्याकाळी आरती झाली, मूर्ती उचलली, झांजा घेतल्या. मीही निघालो. मला वाटलं तलावावर जायचंय, रिक्षा बोलवायची असेल तर बोलवावी. लिफ्टमधून उतरलो तर पार्किंगमध्ये सोसायटीची माणसं जमलेली. आणखी दोन घरांचे दीड दिवसाचे गणपती. माझ्या टाकीच्या कठड्याला झेंडूच्या माळा. पायऱ्यांपाशी रांगोळी. फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीचा पर्यावरणपूरक विसर्जन तलाव'.

मी मॅडमना शोधायला लागलो.

मॅडम त्या दिवशी पुण्याला सासरी होत्या. मी सांगायला तोंड उघडलं. हे पाणी विसर्जनाचं नाही, हे बागेचं आहे, एवढं सांगायचं होतं. तेवढ्यात काकूंनी मूर्ती माझ्या हातात दिली.

"तूच उतर. पायऱ्या तुलाच ठाऊक. आमचे हे गुडघ्याने अधू."

"काकू, पण यात—"

"शाडूची आहे, घाबरू नकोस. पूर्ण विरघळते. एक कण राहत नाही."

हेच तर. एक कण राहत नाही म्हणजे सगळे कण पाण्यात जातात. पण ज्या बाईने दुपारी माझ्या मोदकावर तूप ओतलं तिला, हातात तिचा बाप्पा असताना, ठिबकचं भोक किती बारीक असतं ते कसं समजावणार? सगळे माझ्याकडे बघत होते. "मोरया" म्हणाले. मीही म्हणालो. आणि माझ्याच टाकीत, माझ्याच पायऱ्यांवरून, मी एक एक करत तिन्ही बाप्पा बुडवले. प्रत्येक वेळी डुबकी देताना पाणी दुधासारखं होत होतं आणि लोक म्हणत होते, बघा, कसं सुंदर विरघळतंय.

पंप लगेच बंद करायला धावलो. उशीर झाला होता. माझा अभिमानाचा ऑटोमॅटिक पंप तोवर आपला आपण चालू होऊन, दुसऱ्या टाकीत ओसंडलेलं ते दूध वर चढवून मोकळा झाला होता.

मॅडम परत आल्या. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी टाकीत बोट बुडवून बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः उतरलात?"

"त्यांनी हातात दिली."

"आणि तुम्ही घेतली."

"मोदक खाल्ले होते मॅडम."

त्या हसायला लागल्या आणि मग कपाळावर हात मारला. लगेच 'येथे विसर्जन करू नये' असा कागद लावला. तो कागद तीन दिवस टिकला. पाचव्या दिवशी गौरींबरोबर काकांचा गणपती होता. काका सोवळं नेसून, मूर्ती हातात घेऊन टाकीपाशी आले, कागद वाचला आणि मॅडमना म्हणाले, "म्हंजे तिसऱ्या मजल्याचा देव देव, आन आमचा काय?"

"काका, तसं नाही, बागेच्या नळ्या—"

"त्यांचा चालतो. आमचा चालत न्हाय. सभेत बोलू यावर."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी चपला काढल्या आणि पायऱ्या उतरलो. काकांचा गणपती मोठा होता.

त्यानंतर पाऊस थांबला. सप्टेंबरात इथे असं होतं, ढग निघून जातात आणि ऊन असं पडतं की मे महिना परत आला वाटावं. नळ्यांची भोकं शाडूने बुजलेली. वीतभर मातीतली झाडं दोन दिवसांत मान टाकायला लागली. पुदिना काळवंडला. रविवारी ती वार्षिक सभा. काका रोज सकाळी गच्चीवर येऊन, हात मागे बांधून, वाळलेल्या झाडांची पाहणी करायचे, स्थळाची मुलगी बघायला आल्यासारखी.

टाकी साफ केली तरच काही होणार होतं. ठेकेदाराने गाळ ओढणारा पंप आणून दिला. निर्माल्य आधीच मी वेगळं काढलं होतं. नळी टाकीत सोडली, दुसरं टोक पार्किंगच्या नाल्यात टाकलं आणि बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय करतोस रे?" तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू.

"टाकी रिकामी करतोय काकू."

"आणि ते कुठे सोडतोयस?"

मी नाल्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"बाप्पाला गटारात?"

खिडक्या उघडायला लागल्या. अर्ध्या तासात सगळे खाली. पंपाची नळी पार्किंगभर आडवी पडलेली आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, हे गटारात जाणार नाही. मग कुठे जाणार? खाडीत न्या, कुणी म्हणालं. टँकर मागवा, कुणी म्हणालं. मला तर वाटत होतं, मलाच त्यात बुडवा.

तेव्हा काकूच म्हणाल्या, "अहो, ही माती आहे. माती मातीत घालायची. वर बाग आहे की."

मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं जसं वर्गात मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आलंय. नळीतून गाळ वर जाणार नव्हता. हातानेच न्यावा लागणार होता. एकाच जागी ओतला तर वाळून पापुद्रा धरेल, म्हणून थोडा थोडा, सगळीकडे, शेणखतात कालवून. हे मॅडमनी सांगितलं. मला फक्त बादल्या भरायच्या होत्या. ते मला येतं.

आता या सोसायटीत दोन वर्षं बाग होती, पण वर्गणी देणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी ती वर जाऊन बघितली नव्हती. त्या दिवशी रांग लागली. बादल्या, डबे, पाण्याचे कॅन, कुणी पूजेचा तांब्या घेतलेला. काका लिफ्टच्या दारात उभे राहिले.

"लिफ्टीत पानी सांडायचं न्हाय. झाकनाचं भांडं असंल तरच वर."

"काका, देवाचं पाणी आहे."

"देव मोटर जाळतो का न्हाय ते मला म्हाईत न्हाय. झाकान."

त्यांच्या घरातल्या काकी मात्र झाकणाचा डबा घेऊन मुकाट आत गेल्या आणि येऊन पुन्हा गेल्या. काकांनी तिसऱ्या वेळी विचारलं, "किती येळा?" त्या म्हणाल्या, "आपला मोटा हुता."

संध्याकाळपर्यंत टाकीचा निळा तळ दिसला. वर सगळे बागेच्या कडेने चपला काढून उभे होते. ओतताना कुणी पुटपुटत होतं, पुढच्या वर्षी लवकर या. कुणी तिथेच बसून राहिलं, वारा बरा आहे म्हणून. एक आजोबा म्हणाले, "इथून खाडी दिसते की हो." दोन वर्षं दिसत होती.

रविवारी सभा पार्किंगमध्येच झाली. मी टाकीच्या कठड्याला टेकून उभा. झाडांनी अजून मान वर काढली नव्हती. पालिकेचं पाणी एक थेंब घेतलं नव्हतं, पण तरली असं छातीठोक कुणी म्हणू शकलं नसतं. मॅडमनी मुद्दे लिहून आणलेल्या कागदाला घडी पडून पडून तो कापडासारखा झाला होता. पत्र्याचा विषय आला तेव्हा काका उठले. तयारी करून आले होते. ओल, स्लॅबवरचं वजन, डास, पाण्याचा खेळखंडोबा, एकेक मुद्दा मांडला. मुद्दे बरोबर होते. मला स्वतःला पटायला लागले.

"तर माझं म्हननं असं हाय," ते म्हणाले, "का बाग काडावी आन पत्रा टाकावा."

मागच्या खुर्चीवरून काकी म्हणाल्या, "आन त्या मातीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? खाली टाकायची."

"कुटं?"

"डंपरमदी."

"अवो, आपला गनपती हाय त्यात. पुदिन्यात. म्या सोत्ता ओतलाय."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पदर नीट केला. काका उभेच. त्यांनी आपल्या मुद्द्यांच्या कागदाकडे बघितलं, वर बघितलं, तिथून गच्ची दिसत नाही, पार्किंगचं छत दिसतं. ओलीचा मुद्दा त्यांनी पुन्हा एकदा सांगितला, पण आवाज खाली आला होता.

"यंदाच्याला राहू दे," शेवटी ते म्हणाले. "पर माझी भित कुनीतरी येऊन बगायची."

"उद्याच," मॅडम म्हणाल्या आणि तो कापडासारखा कागद पर्समध्ये टाकला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाल्या, "टाकीला झाकण बसवा." तेवढंही मला पुष्कळ होतं. रात्री आईला फोन करून सांगितलं की बाग राहिली. ती म्हणाली, "मंग पगार देतील."

सोमवारपासून मी सुई घेऊन गच्चीवर बसलो. नळीचं एकेक भोक मोकळं करायचं, पाणी सोडून बघायचं, पुढे सरकायचं. मोसंबीच्या बागेत शिकलो होतो तेच. सकाळी काकू चहा घेऊन आल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "आमचा कुठे ओतला होता रे नेमका?"

मला काय ठाऊक. गाळ सगळा एकत्र कालवलेला, सगळ्या बागेत थोडा थोडा. पण त्या हात जोडायच्या बेतात होत्या आणि चहा आल्याचा होता. मी गवती चहाच्या झुडपाकडे बोट दाखवलं, तेच एक जरा हिरवं होतं. त्यांनी मनापासून नमस्कार केला आणि गेल्या.

दुपारी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, त्या दिवशीच्या तीन बाप्पांपैकी एक त्यांचा. त्यांचाही तोच प्रश्न. बागेत हिरवं तेवढं एकच होतं, मी काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं वर केलं तर गवती चहापुढे दोघी. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आधी काकूंनी डोळे उघडले, मग वहिनींनी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, मग एकदम माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि आधीच मोकळ्या झालेल्या भोकात पुन्हा सुई घालत राहिलो.